राजाच्या दुसऱ्या बायकोविरुद्ध

मी लोकांना आंघोळ घालते. न्यूझीलंडमध्ये काय काम करतेस असं कोणी विचारलं, तर आता मी एवढंच सांगते. पुण्यात माझी आई शेजाऱ्यांना "आमची वंदना तिकडे मेडिकल लाइनमध्ये आहे" असं सांगायची आणि मग मी सुट्टीवर गेले की शेजारी मला बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारायचे. गोळ्यांबद्दल ब्रसुद्धा काढायची मला परवानगी नाही. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जायचं, त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, कपडे चढवायचे, चहा-टोस्ट द्यायचा आणि पुढचं घर गाठायचं. इथे याला सपोर्ट वर्कर म्हणतात. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुनात आमचं घर, आणि माझी बहुतेक म्हातारी माणसंही त्याच बाजूची.

वाटतं तितकं हे काम सोपं नाही. अंगावर पाणी घालायला कोणीही घालेल. पण आयुष्यभर दुसऱ्यांवर हुकूम सोडलेला माणूस परक्या बाईसमोर उघडा बसतो, तेव्हा त्याचं उघडेपण त्याला जाणवू द्यायचं नाही, हे शिकायला वेळ लागतो. सुरुवात पायांपासून करायची. त्यांच्या हातात एक ओला नॅपकिन द्यायचा, म्हणजे त्यांचं त्यांना कुठे काय झाकायचं ते झाकता येतं. आणि बोलत राहायचं, हवेबद्दल, रग्बीबद्दल, कशाहीबद्दल. माझ्याकडे एक निवृत्त पोहण्याचे मास्तर होते. पहिल्या दिवशी दार उघडलं ते चक्क टॉग्ज घालून, म्हणजे पोहण्याची चड्डी. खांद्यावर टॉवेल, चेहरा शर्यतीला उभं राहिल्यासारखा. इथला माओरी नमस्कार ठोकून म्हणाले, "किया ओरा! मी तयार आहे." त्यानंतर आमची प्रत्येक आंघोळ टॉग्जमध्येच झाली. मीही कधी हसले नाही. निदान घराबाहेर पडेपर्यंत तरी नाही.

या कामाने कंबर जाते, मनगटं जातात, हे ट्रेनिंगमध्ये सांगतात. मत्सराबद्दल मात्र कोणी सावध करत नाही. आमच्यात तो फार. 'माझी' म्हातारी, 'माझे' आजोबा असंच सगळ्याजणी बोलतात. कोणी म्हणालं, "ती तर मला मुलीसारखी मानते," की बाकीच्यांची तोंडं बघावीत. मी तर या खात्यात मुळातच श्रीमंत होते. घरूनच भरपूर मत्सर घेऊन आले होते.

मी श्रीकांतची दुसरी बायको. पहिली अनघा. दोघं इंजिनियर, दोघं मिळून इथे आले, दोघांनी मिळून रोटोटुनातलं घर बांधून घेतलं. २०१० मध्ये ती कॅन्सरने गेली. दोन वर्षांनी श्रीकांतशी लग्न करून मी त्या घरात आले. अनघा उंच होती. स्वयंपाकघरातली कपाटं तिने तिच्या उंचीप्रमाणे लावून घेतली होती. मला हिंगाची डबी काढायलासुद्धा स्टूल लागायचं. मागच्या अंगणात तिने लावलेलं फेजोआचं झाड दर वर्षी फळांचा नुसता सडा घालायचं, आणि मराठी मंडळी पिशव्या घेऊन यायची ती "अनघाचे फेजोआ" न्यायला. मी वाकून वाकून गोळा करायची. नाव तिचंच.

आणि रेवा. मी आले तेव्हा श्रीकांतची ही लेक अकरा वर्षांची होती. मला 'मावशी' म्हणायची. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला सगळं समजायचं. तिच्या तोंडून मराठी येत नाही, इथल्या मुलांचं असंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

या सगळ्यात ओडेटबाई माझ्या वाट्याला आल्या. बेल्जियमच्या, ऐंशीच्या पुढच्या, डावी बाजू अर्धांगाने कमजोर झालेली आणि स्मरणशक्ती येऊनजाऊन असलेली. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण ऐंशीच्या बाईला नुसतं 'ओडेट' म्हणायला माझी जीभ वळायची नाही. म्हणून मी मनात त्यांना 'बाई' जोडून घेतलं. नवरा योरिस, इथल्या दुधाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. ती फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, तो फ्लेमिश बोलणाऱ्या. दोघं तरुणपणी बोटीवर भेटले आणि दोघांनीही एकमेकांची भाषा शिकायला साफ नकार दिला. साठ वर्षांचा संसार परक्या इंग्रजीत केला, भांडणंसुद्धा.

त्या बाईंनी मला लळा लावला. मी केस पुसायला लागले की डोळे मिटून माझ्या पोटाला डोकं टेकायच्या. माझ्या घरात माझ्या अंगाला कोणी असं डोकं टेकत नव्हतं. त्यामुळे सकाळी त्यांच्या दारात गाडी लावताना मी खूश असायची, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे कोण गेलं होतं याची बारीक चौकशी करायची.

२०१६ च्या मार्चमध्ये इथे देशाचा झेंडा बदलायचा की नाही यावर सार्वमत झालं. मतपत्रिका पोस्टाने घरोघर आल्या. एका सकाळी मी गेले तर ओडेटबाई जेवणाच्या टेबलापाशी मतपत्रिका समोर धरून बसल्या होत्या. हाताखाली पेन.

"तो एकटा येणार आहे की तिला घेऊन?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"राजा."

योरिस टोस्टला लोणी लावत होता. म्हणाला, "तिला हा आमचा बेल्जियममधला १९५० चा मार्च वाटतोय. तेव्हाही असंच मत मागितलं होतं. परदेशात जाऊन राहिलेल्या राजाला परत येऊ द्यायचं की नाही."

तेव्हाची ती हकीकत मला त्या सकाळी बाथरूममध्ये कळली. बाईंची आठवण गेली होती ती कालची. जुनं सगळं लख्ख होतं. त्या सांगत होत्या आणि मी पाठीला साबण लावत होते.

त्यांच्या लहानपणी राजाची राणी मोटार अपघातात गेली. सुंदर होती, लोकांत मिसळायची. बाईंच्या शाळेत बाकावर डोकी ठेवून पोरी रडल्या. आईने राणीचं चित्र स्वयंपाकघरात चुलीच्या वर लावलं. मग युद्ध आलं. राजाने शरणागती पत्करली आणि जर्मनांनी त्याला त्याच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं. बाईंचे वडीलही जर्मनीत कैदेत होते. फ्लेमिश सैनिकांना बरेच लवकर सोडलं, फ्रेंच बोलणाऱ्यांना वर्षानुवर्षं ठेवून घेतलं, असं त्या सांगत होत्या.

"आई म्हणायची, आपले बाबा तिकडे एकटे, तसा राजाही बिचारा एकटा. आणि एक दिवस चर्चमध्ये वाचून दाखवलं, राजाने लग्न केलं. कैदेत! आई चर्चमधून घरी आली आणि तिने राणीचं चित्र पुसायला घेतलं. काच फुटेल इतकं घासलं."

युद्ध संपलं तरी राजा देशाबाहेरच राहिला. परतायचं की नाही यावर देशात एकमत होईना, म्हणून शेवटी लोकांनाच विचारलं. ओडेटबाई नुकत्याच मताच्या वयाच्या झाल्या होत्या. आयुष्यातलं ते जवळजवळ पहिलंच मत.

"लोक म्हणत होते, त्याने शत्रूपुढे गुडघे टेकले. मला त्याचं काही नव्हतं. मी मत दिलं ते तिच्याविरुद्ध. ती दुसरी. मेलेल्या बाईच्या खुर्चीवर येऊन बसली."

आमच्या कामाचा नियम आहे, स्वतःच्या घरातलं क्लायंटला सांगायचं नाही. मी तो कधी मोडला नव्हता. पण माझा साबणाचा हात थांबला होता आणि तोंडातून निघून गेलं, "ओडेट, मीही दुसरीच आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पहिलीला काय झालं?"

"कॅन्सर."

"आणि तो किती थांबला?"

"दोन वर्षं."

त्यांनी मांडीवरचा नॅपकिन उचलून छातीवर घेतला. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "मला थंडी वाजतेय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दारातच वॉकर आडवा. मागून योरिस काहीतरी समजावतोय आणि त्या मान हलवतायत. "या बाईने आत यायचं नाही. राणीच्या घरात नाही." मी गाडीत जाऊन बसले. आमच्या ऑफिसातून फोन आला, अगदी गोड आवाजात: "तुझी काही चूक नाही, डिअर, पण क्लायंटची इच्छा आपण पाळतो."

माझ्या जागी फिजीहून आलेली एक तरुण मुलगी जाऊ लागली. स्वभावाने चांगली, त्यामुळे अधिकच राग यायचा. एकदा पार्किंगमध्ये भेटली तर म्हणाली, "ओडेट किती गोड आहे! आंघोळ करताना मला फ्रेंच गाणं म्हणून दाखवते, रोज." मला बाईंनी कधीही गाणं म्हणून दाखवलं नव्हतं. "स्वीट ॲज," म्हणजे 'छानच की', असं मी म्हटलं आणि डिकी इतक्या जोरात आपटली की ती दचकली.

तो जाळ मी घरी आणला. आमच्या हॉलमध्ये अनघाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. चार वर्षं मी तो पुसत आले होते. त्या रविवारी जेवताना म्हटलं, "श्रीकांत, तो फोटो आता आतल्या खोलीत ठेवू या."

श्रीकांतने आमटीत भात कालवला आणि कालवतच राहिला. उत्तर रेवाने दिलं. तेव्हा ती पंधरा वर्षांची. खुर्ची मागे सारून उठली.

"शी इज डेड, मावशी. व्हॉट मोअर डू यू वॉन्ट?"

तिने फोटो हारासकट उतरवला, स्वतःच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. श्रीकांत म्हणाला, "झालं तुझं समाधान?" मोठ्याने नाही म्हणाला. मोठ्याने म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. भिंतीवर खिळा राहिला. तो खिळा मला फोटोपेक्षा जास्त दिसायचा. पण तो उपटायचा कोणी, हे तिघांनीही ठरवलं नाही.

काही आठवड्यांनी सुपरमार्केटमध्ये योरिस भेटला. दुधाच्या फ्रीजपाशी उभं राहून आम्ही बोललो.

"मी रोज सकाळी तिला विचारतो," तो म्हणाला, "वंदनाला परत बोलवायचं का? ती म्हणते नाही. मी म्हणतो हो. एकास एक."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. मी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय मत दिलं होतं, राजाच्या वेळी?"

"हो म्हणून दिलं. आमच्या भागात बहुतेकांनी होच दिलं. माणसाला स्वतःच्या घरी येऊ द्यावं, इतकंच मला कळत होतं. आम्ही जिंकलो, अर्ध्याहून थोडीशीच जास्त मतं. तो आला. आणि तिच्या भागात संप, दगडफेक. माणसं मेली. तिच्या भावाचं डोकं फुटलं. राजाने पंधरवड्याच्या आत कारभार मुलाच्या हाती सोपवला." त्याने दुधाची बाटली ट्रॉलीत ठेवली. "मतं मिळाली म्हणून काही माणसाला घरात घेत नाहीत, वंदना."

फोटोबद्दल, रेवाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. गाडीत बसून मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही. श्रीकांतने मला हो म्हटलं होतं. कायद्याने म्हटलं होतं, चार लोकांसमोर म्हटलं होतं. रेवाला कोणी विचारलंच नव्हतं.

हिवाळ्यात योरिसचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नेमकी ती फिजीची मुलगी रजेवर होती आणि ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. "जाशील का? दार उघडलं नाही तर परत ये," असं मला सांगितलं. मी गेले. ओडेटबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास."

त्या विसरल्या होत्या की विसरल्याचं सोंग करत होत्या, मला कळेना. मी पायांपासून सुरुवात केली. पाणी घोट्यावरून वाहत असताना त्यांनी विचारलं, "त्या घरात मूल आहे का?"

म्हणजे विसरल्या नव्हत्या.

"एक मुलगी आहे. माझी नाही. तिची."

"त्या दुसरीला राणीची मुलं आई म्हणायची, असं आम्ही ऐकलं होतं. लग्नापेक्षाही त्याचाच जास्त राग आला होता आम्हाला." मग विचारलं, "तुझी म्हणते?"

"नाही. मावशी म्हणते. आईची बहीण."

"बरं करते," ओडेटबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान पसरलं. त्यांनी पाय पुढे केला, आणि गाणं म्हणायला लागल्या. बारीक, कापऱ्या आवाजात, सगळी कडवी. इतके दिवस ज्या गाण्यावरून मी जळत होते ते मला मिळालं, पण काय किमतीला मिळालं ते मीच जाणते. तरी मी ऐकलं. नंतर त्यांनी डोळे मिटून माझ्या पोटाला डोकं टेकलं.

पुढे दोन वर्षं मी त्यांचं केलं. २०१८ मध्ये त्या गेल्या. शेवटी त्यांना इंग्रजी उरलं नव्हतं, आणि योरिस उशाशी बसून त्या म्हणतील त्या फ्रेंच शब्दाला नुसतं "यस, माय डार्लिंग" म्हणत होता. त्यानंतर तोच माझा क्लायंट झाला. पायांना सूज यायची, आंघोळीला आधार लागायचा.

आता मला सांगायचं आहे ते २०१९ मधलं. ओडेटबाईंना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. मी एका सकाळी गेले तर दार एका बाईने उघडलं. ठेंगणी, पिकल्या केसांची, हातात लाकडी चमचा. नाव विल्मा, मूळची हॉलंडची, विधवा. ती आणि योरिस पत्त्यांच्या क्लबात भेटले होते. तिची डच आणि योरिसची फ्लेमिश जवळजवळ एकच भाषा. स्वयंपाकघरातून दोघांच्या त्या भाषेतलं हसणं मला ऐकू आलं, आणि मी बाथरूममध्ये टॉवेल हातात धरून नुसती उभी राहिले. अंगाची आग आग झाली. साठ वर्षं त्या माणसाला घरात स्वतःच्या भाषेत हसता आलं नव्हतं, हे मला समजत होतं. तरी डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: एवढ्यात? बाईंच्या खुर्चीवर? एवढ्यात?

विल्माने मला कॉफी विचारली. मी "नो, थँक्स" म्हटलं, ज्या आवाजात मराठी मंडळाच्या बायका माझ्याशी पहिल्या वर्षी बोलायच्या, अगदी त्याच आवाजात. बोलल्यावर मलाच तो ओळखू आला.

योरिसची पाठ पुसत होते. तो म्हणाला, "तू रागावली आहेस."

"नाही."

"ओडेटसाठी रागावली आहेस. मला बरं वाटलं. कोणीतरी रागवायला हवंच होतं." मी दुसरी आहे हे त्याला ओडेटबाईंकडून कळलं असणार. मग त्याने विचारलं, "फार अवघड असतं का गं? दुसरं असणं?"

या कामात लोक मला नाना प्रश्न विचारतात. हा आजवर कोणी विचारला नव्हता. नवऱ्यानेही नाही. मी म्हटलं, "हो. फार."

त्याने माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि राहिलेला खांदा स्वतःच पुसला.

बाहेर आले तेव्हा विल्मा पॅसेजमध्ये माझी वाट पाहत होती. ॲप्रन स्वतःचा घरून आणला होता, आणि ती भिंतीला लागून उभी होती, मधोमध नाही. "सुट्टीच्या दिवशी त्याला ते घट्ट मोजे चढवायला कोणी नसतं," ती हळूच म्हणाली. "मी प्रयत्न केला, त्याला दुखलं. मला शिकवशील? तुझी हरकत नसेल तर."

माझी हरकत होती. तरी मी तिला आत नेलं. योरिसला पलंगावर आडवं केलं. हे मोजे सुजेसाठी असतात. पाय खाली सोडायच्या आधी घालावे लागतात, नाहीतर रक्त खाली उतरतं आणि मग ते चढता चढत नाहीत. टाचेपर्यंत उलटा करायचा, चवडा आत सरकवायचा, मग ओढायचं नाही, तळहाताने वर सारत न्यायचं. पलंगाच्या कडेला आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. तिचे हात सांधेदुखीने वाकडे होते. पहिला मोजा मी घातला. दुसरा तिने घातला. एक सुरकुती राहिली होती ती तिने स्वतःच शोधून काढली आणि भीत भीत माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अगदी बरोबर जमलं."

त्या दुपारी मी रेवाला फोन केला. ती ऑकलंडला शिकायला गेली होती, आणि सुट्टीत पेनरोजच्या एका गोदामात काम करत होती. मधल्या ब्रेकमध्ये बाहेर बाकावर बसली होती. मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता.

"ऑल गुड, मावशी?"

"हो. रेवा, तुझी आई कशी होती गं?"

"व्हाय?"

"मला कोणी सांगितलंच नाही. फेजोआ सांगतात, तिच्या पुरणपोळ्या सांगतात. ती कशी होती, ते सांग."

ट्रकचा आवाज लांब गेला; ती बाकावरून उठून बाजूला गेली असावी. मग रेवा बोलायला लागली, आणि बोलली ती मराठीत.

"मी स्कूलमधून आली का मम्मी खिडकीत उभी राहे. मग म्हणे, 'काय करून राहिली इतका वेळ?' आणि मी मुद्दाम सांगायची नाही, तर ती मला पकडायला पळे…"

हे मराठी माझं पुण्याचं नव्हतं. श्रीकांतचंही नव्हतं. अनघा नागपूरची. तिचं सगळं बोलणं त्या पोरीच्या तोंडात जसंच्या तसं होतं, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं, तिथेच थांबलेलं. सात वर्षं एका घरात राहून तिने माझ्यासमोर ते एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

मी जळले. खोटं कशाला सांगू, आतून जळले. रेवा मध्येच थांबली, म्हणाली, "इज धिस ओके?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं, "पकडायला पळे. मग?"